नाक बसविणारा कुंभार

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली लेखकाचे पूर्ण नाव नाही, 'बी. एल.' एवढी आद्याक्षरे आहेत. विषय मात्र आपल्या पुण्याचा आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (कावसजी हे नाव पारशी. मराठा शेतकऱ्याला ते कसे पडले हे कोडेच आहे. साहेबाच्या कानाने काहीतरी भलतेच ऐकले असावे असे मला वाटते.) सुमारे वर्षभर हा गडी बिननाकाचा हिंडला. नंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस हकीम नव्हता आणि शास्त्रीही नव्हता. पत्रात त्याची जात 'विटा करणाऱ्याची' अशी दिली आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर तो कुंभार होता.

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी जवळ उभे राहून पाहिली, म्हणून तिची हकीकत आपल्याला तपशीलवार मिळते. कुंभाराने प्रथम मेणाची पातळ पट्टी घेऊन तिचे नाक घडविले आणि ते तुटक्या नाकाच्या जागी ठेवून पाहिले. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली व तिच्या कडेने रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलली. पण दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक बारीक पट्टा तसाच जोडलेला ठेवला. जुन्या नाकाच्या कडेने व वरच्या ओठावरून खाच पाडली. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड त्या खाचेत बसविली. टाका एकही घातला नाही. पाण्यात कालविलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटविल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी ठेवली. रोगी पाच-सहा दिवस उताणा पडून राहिला. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे आत घातले. डोळ्यांमधला तो पट्टा साधारण पंचविसाव्या दिवशी कापला.

सगळे मर्म या पट्ट्यात आहे. नवी जागा धरीपर्यंत कातडीला रक्त मिळते ते त्यातूनच. पहिल्याच दिवशी तो कापला तर नाक काळे पडून गळून जाईल. तीन-साडेतीन आठवड्यांत खालच्या मांसातून नव्या रक्तवाहिन्या कातडीत शिरतात, मग पट्ट्याची गरज उरत नाही. आज प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकात हे कारण दिलेले असते. रक्त शरीरात फिरते हा हार्वेचा सिद्धान्त युरोपात १६२८ साली छापला गेला होता, पण तो पुण्याच्या कुंभाराच्या कानावर आला असण्याचा संभव नाही. पट्टा ठेवायचा आणि पंचवीस दिवस थांबायचे, एवढे त्याला ठाऊक होते. किती जणांची नाके गळून पडल्यावर हा आकडा ठरला असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

येथे कोणी म्हणेल की यात नवल काय, हे सारे सुश्रुतात आहेच. मलाही प्रथम तसेच सांगण्यात आले होते. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे हे खरे. पण तेथे झाडाच्या पानाने माप घेऊन कातडी गालावरची घ्यायला सांगितली आहे. पुण्याच्या कुंभाराने ती कपाळावरची घेतली. कपाळाची कातडी जाड, तिला रक्तपुरवठा चांगला, आणि ती नुसती खाली वळवली की नाकावर येते. म्हणजे ग्रंथात जे होते त्यात कोणीतरी, कधीतरी, हाताने करून पाहून बदल केला आणि तो ग्रंथात शिरला नाही. सुश्रुतालाही हे नामंजूर झाले नसते. विद्यार्थ्याने आधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा, शीर टोचण्याचा हात कमळाच्या देठावर बसवावा, प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू देऊन मग थर सोलीत शरीराची रचना डोळ्यांनी पाहावी, हे सांगणारा ग्रंथ केवळ पाठांतराचा पुरस्कर्ता असणे शक्य नाही. पुढच्या काळात ग्रंथ पाठ करणारे एका जातीत राहिले आणि सुरी चालविणारे दुसऱ्या जातीत गेले. त्यात ग्रंथाचे हात गेले आणि हातांचा ग्रंथ गेला.

युरोपात नेमके उलटे घडले होते. इटलीत बोलोन्याच्या तालियाकोझी याने दंडाची कातडी घेऊन नाक जोडण्याच्या पद्धतीवर १५९७ साली सचित्र ग्रंथ लिहिला. ग्रंथ राहिला, पण ती कला करणारे हात नाहीसे झाले. म्हणूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने पुण्याच्या पत्राचा आधार घेतला. कपाळाच्या कातडीने त्याने पहिले नाक जोडले ते १८१४ साली, म्हणजे पत्र छापल्यानंतर वीस वर्षांनी, आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढले. डॉक्टरी पुस्तकांत आजही कपाळाच्या या पट्टीला 'भारतीय पद्धत' म्हणतात. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले, तेही उपलब्ध आहे. दोन्ही डॉक्टरांची नावे उपलब्ध आहेत. कुंभाराचे नाव तेवढे कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून जाताना गणपतीच्या सोंडेवरून ओल्या बोटांनी शेवटचा हात फिरविणारे कारागीर दिसतात. नाक घडविणे हे कुंभाराच्याच हाताला का सुचले असेल, याचे उत्तर मला तेथे मिळाल्यासारखे वाटते; अर्थात हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

तर प्रश्न असा की, जे का होते हे सांगता येत नाही, पण होते हे खात्रीने ठाऊक आहे, त्याला ज्ञान म्हणावे काय?

हा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला सुटा निघाला तर कंटाळवाणा वाटतो. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात यावरून वैद्यांचे दोन तट पडले होते. एक तट सिद्धान्तवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की रोगाचे आतले, अदृश्य कारण कळल्यावाचून उपचार करणे म्हणजे अंधारात दगड मारणे. त्यासाठी ते शवविच्छेदन करीत. जिवंत कैद्यांनाही चिरीत, असे सेल्सस हा रोमन ग्रंथकार सांगतो. दुसरा तट अनुभववाद्यांचा. कोस बेटावरचा फिलिनस आणि अलेक्झांड्रियाचा सेरापिऑन हे त्यांचे आद्य पुरुष. फिलिनस हा हेरोफिलस या थोर विच्छेदनकाराचा शिष्य, म्हणजे बंड घरातूनच झाले.

अनुभववाद्यांचे मुद्दे सेल्ससने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविले आहेत आणि ते वाचताना आपल्या गावचे एखादे बेरकी म्हातारे बोलत आहे असा भास होतो. ते विचारतात, आतले कारण कळते म्हणता, मग तुम्हा पंडितांचे आपापसात एकमत का नाही? एक म्हणतो दोष शरीरातील द्रवांत, दुसरा म्हणतो श्वासात. आणि गंमत अशी की दोघांच्याही हातून रोगी बरे होतात. मग बरे करणारी गोष्ट तुमचा सिद्धान्त नसून दुसरीच काही असली पाहिजे. शेतकरी काय किंवा नावाडी काय, वादविवादाने तयार होत नाही, कामाने होतो. आधी माणसांना उपचार सापडले आणि त्यांची कारणे शोधणे मागून आले. जिवंत माणसे चिरण्याचा तर त्यांना तिटकारा होता. शरीराच्या आत पाहायचे तर जखमी सैनिकावर उपचार करताना जे आपोआप दिसते ते पाहा, असे ते म्हणत.

पण हे लोक 'मनाला येईल ते करा' म्हणणारे नव्हते. त्यांच्या पद्धतीला तीन पाय होते. पहिला, स्वतः पाहिलेले, तेही एकदा नव्हे तर पुनःपुन्हा. दुसरा, इतरांनी पाहून नोंदविलेले. तिसरा, नवाच रोग समोर आला तर त्याच्याशी मिळत्याजुळत्या रोगावर जे चालले ते येथे चालवून पाहणे. हे वाचले तेव्हा मला न्यायदर्शनातील चार प्रमाणे आठवली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातून अनुमान वजा करा, उरतात ती तीन या ग्रीक वैद्यांची. (नैयायिकांचे उपमान फार अरुंद आहे, रानगाय ओळखण्यापुरते, तेव्हा ही तुलना फार ताणू नये हे मला कळते.) आपल्याकडे चार्वाक फक्त प्रत्यक्षावर उभा राहिला. ग्रीक वैद्याला ते परवडणारे नव्हते, कारण एका माणसाच्या आयुष्यात किती रोगी येणार? दुसऱ्याच्या अनुभवावर विश्वास ठेवणे त्याला भागच होते. आणि विश्वास म्हटला की कोणावर, हा प्रश्न येतो.

याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात एका पोर्तुगीज वैद्याने दिलेले आहे. गार्सिया द ऑर्ता हा १५३४ साली गोव्यात आला. तत्पूर्वी तो लिस्बनला अध्यापक होता. मूळ घराणे यहुदी, बळाने ख्रिस्ती झालेले. गोव्यात त्याने व्हाइसरॉयांना औषध दिले, तसेच अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही दिले, आणि निजामशाही दरबारातल्या हकिमांशी व वैद्यांशी बरोबरीने चर्चा केली. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक पढिक डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्ता त्याला सांगतो की त्या थोर लोकांनी ही झाडे पाहिलेलीच नाहीत, मी पाहिली आहेत. युरोपात राहून असे बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशा अर्थाचेही तो लिहून जातो. त्यात पटकीच्या रोगाचे वर्णन आहे. युरोपीय माणसाने केलेल्या पहिल्या स्पष्ट वर्णनांत ते मोडते. रोगाचे नाव तो आपलेच देतो: 'मोर्शी', म्हणजे आपली मोडशी. येथले वैद्य या रोग्याला जिरे-मिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, हेही तो नोंदवितो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा घातलेले पाणी पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले, आणि पुढे साखरेऐवजी तांदूळ वापरूनही असे पाणी चालते हे सिद्ध झाले. पेज पाजणाऱ्या वैद्याला हे सर्व माहीत होते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्याचा हात योग्य दिशेला गेला होता, इतके म्हणता येते. ऑर्ताचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. तो १५६८ साली वारला. पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. आज पणजीतल्या बागेला त्याचे नाव आहे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी पोथी टाकून द्या म्हणते आहे. तसे मुळीच नाही. अनुभव फसवतो, आणि फार सराईतपणे फसवतो.

साप उतरविणारा मांत्रिक घ्या. त्याच्यापाशी आलेले दहापैकी आठ-नऊ जण उठून चालत घरी जातात, हे गाव डोळ्यांनी पाहते. यात लबाडी असतेच असे नाही. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बिनविषारी. माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांनी. धामण किंवा दिवड चावलेला माणूस मंत्राने बरा होतो तसाच भजनानेही बरा होईल. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जाते असेही नाही. म्हणजे मांत्रिकाचा अनुभव खरा, मोजणी चुकलेली. जो वाचला तो पुढे जत्रेत भेटतो. जो गेला तो काही सांगायला येत नाही.

दुसरे उदाहरण मी घरातलेच देते. माझी आज्जी पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात सुईण होती. तिला सही येत नाही. पोटावर तळहात ठेवून मुलाचे डोके कोठे आहे ते ती सांगते, आणि पायाळू मूल असेल तर आधीच बैलगाडी जुंपायला लावायची, हे गावातल्या बायका आजही सांगतात. कसे कळते म्हणून मी विचारले, तर म्हणाली, "हाताला कळतंय पोरी. डोळं झाकलं तरी कळतंय." तिच्या या ज्ञानापुढे मी पुस्तके वाचणारी कोणीच नाही. पण तिनेच मला सांगितले की, पूर्वी काही बाळे चांगली जन्मायची, चांगली प्यायची, आणि आठवड्याच्या आत-बाहेर अचानक प्यायची थांबायची. जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखे ताठ व्हायचे आणि बाळ जायचे. गाव म्हणायचे, सटवाईने नेले. आज्जीही तेच म्हणायची.

तो धनुर्वात होता. नाळ कापायला जो विळा घेत, त्यावर मातीतले जंतू असत. पण नाळ कापली सोमवारी आणि आकडी आली पुढच्या सोमवारी, मध्ये बाळ ठणठणीत; हाताच्या अनुभवाने या दोन सोमवारांची गाठ कशी पडावी? शिवाय त्याच विळ्याने कापलेली कितीतरी बाळे जगतच होती. येथे अनुभव हजार वर्षे वाढवला तरी पुरत नाही, कारण जंतू डोळ्याला दिसत नाही. तेथे अदृश्य कारण शोधणारा माणूसच लागतो, ज्याची ग्रीक अनुभववाद्यांनी थट्टा केली. पुढे सरकारी दाई प्रशिक्षणात आज्जीला साबण, नवे पाते आणि उकळलेला दोरा मिळाला, गरोदर बायकांना धनुर्वाताची लस मिळू लागली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. प्रशिक्षणात जंतूंविषयी काय सांगितले ते आज्जीला आठवत नाही. 'पातं दर बाळंतपणाला नवं' एवढे आठवते. म्हणजे शास्त्राने दिलेला नियमही तिने अनुभवाचा नियम म्हणूनच घेतला, आणि तो तिने एकदाही मोडला नाही.

मग अनुभवाला भरवशाचे कोण करते? मोजणी, आणि मोजलेले दुसऱ्याला तपासू देणे, असे माझे मत झाले आहे. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले मरत. पुस्तकांत यावर फारसे काही नव्हते. ते रोग्याच्या खाटेशी बसून राहिले आणि दिसले ते लिहीत गेले: उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब, मग छातीत पाणी आणि मृत्यू. ही निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात छापून आली. येथपर्यंत ते फिलिनसच्या तटातले. पण पुढे त्यांनी विचार केला की या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जात असतील, तर त्या सैल करणारे औषध चालावे. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी देऊन पाहिले. हे अनुमान झाले. विंचूदंशाने दगावण्याचे प्रमाण, जे पूर्वी शंभरात पंचवीस-तीस होते, ते त्यांच्या रोग्यांत एकाच्या आसपास आले.

इतके झाल्यावर कोणीही आपल्या अनुभवावर निश्चिंत बसला असता. गावोगावी नाव झालेले, औषध सिद्ध झालेले. पण विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांचे दोन गट केले. कोणता रोगी कोणत्या गटात जाईल हे आपल्या मर्जीवर ठेवले नाही. ३५ जणांना त्यांचे नेहमीचे प्राझोसिन दिले. ३५ जणांना प्राझोसिन आणि लस दोन्ही. निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८ निघाले. लसही दिलेल्या गटात ३५ पैकी ३२.